उल्हास खोऱ्यातील मूळ वनस्पतिसमूह आणि त्यांचा नकाशा

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे पंधरा किलोमीटरांच्या आत एकामागून एक लागतात. वायव्येस उल्हास नदीची खाडी, दक्षिणेस मलंगगड व माथेरान यांचे डोंगर, पूर्वेस बारवीचा जलाशय आणि त्यापलीकडे सह्याद्री, अशी या प्रदेशाची मांडणी आहे. खाडीकाठच्या तिवरांपासून डोंगरघळींतील सदाहरित झाडीपर्यंत उत्तर कोकणातील बहुतेक वनस्पतिसमूहांचे अवशेष एवढ्याशा टापूत पाहावयास मिळतात. अवशेष हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. जे उरले आहे ते लहान लहान तुकड्यांत उरले आहे, आणि त्यातील काही तर वर्षातून दोनच महिने दृष्टीस पडते. वनस्पतींचे नकाशे ज्या प्रमाणावर व ज्या ऋतूत करण्याचा प्रघात आहे, त्यांत नेमके हेच निसटते, असे आमचे मत आहे.

मुंबई इलाख्यातील वनस्पतींची नोंद जुनी आहे. डॅल्झेल व गिब्सन यांचा ग्रंथ १८६१ साली, ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ साली आणि थिओडोर कुक यांचा इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. कुक यांची वर्णने आजही हाताशी ठेवावी अशी आहेत; परंतु त्यांच्या स्थलनोंदी पाहू गेल्यास कित्येक जातींपुढे केवळ ‘कोकण’ असे लिहून स्टॉक्स किंवा लॉ या संग्राहकाचे नाव दिलेले आढळते. वनस्पती कोणती हे निश्चित, पण नकाशावर टिंब कोठे द्यावयाचे हे अनिश्चित, अशी ही स्थिती आहे. सूची आणि नकाशा यांतील अंतर ते हेच.

समूहांचा नकाशा म्हणून ज्याकडे प्रथम वळावयाचे, तो पाँडिचेरी येथील फ्रेंच संस्थेने भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने काढलेल्या मालिकेतील मुंबईचा नकाशा होय. तो १९६६ साली प्रसिद्ध झाला. गोसाँ व लेग्री या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञांबरोबर आपल्याकडील मेहेर-होमजी यांचाही त्यात वाटा होता. या नकाशांची पद्धत विचारपूर्वक ठरविलेली आहे. ओलाव्याकडे झुकणाऱ्या परिस्थितीस निळ्या छटा, शुष्कतेकडे झुकणाऱ्या परिस्थितीस पिवळ्या-नारिंगी छटा. आणि आज प्रत्यक्षात काय उभे आहे, दाट वन की झुडपे की शेत, हे निराळ्या खुणांनी दाखविलेले. म्हणजे भूमी काय धारण करू शकेल आणि सांप्रत काय धारण करीत आहे, या दोन गोष्टी एकाच कागदावर असूनही परस्परांत मिसळत नाहीत.

तथापि त्या नकाशाचे प्रमाण दहा लाखास एक आहे. एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलोमीटर. उल्हासनगरचे क्षेत्र सुमारे १३ चौरस किलोमीटर धरले, तर या प्रमाणावर ते सगळे शहर ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याखाली झाकून जाईल! तेथे देवराई कोठून दिसणार? पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर तेच शहर सुमारे ५२ चौरस सेंटिमीटर जागा घेते आणि एक हेक्टराची देवराई दोन मिलिमीटर बाजूच्या चौरसाएवढी होते. हातात बारीक टोकाची पेन्सिल असेल तर ती दाखविता येते. या प्रदेशातील पाहणीसाठी याहून लहान प्रमाण घेण्यात अर्थ नाही. (बदलापूर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकाच्या ४७ ई/४ व ४७ ई/८ या दोन पत्रकांच्या सीमेवर येते, विद्यार्थ्यांनी दोन्ही जवळ बाळगावीत.) देवराया कागदावर एवढ्याशा दिसल्या, तरी वर्तक व गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवरायांवरील आपला अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध केल्यापासून वनस्पतिशास्त्रात त्यांना निश्चित स्थान मिळाले आहे.

प्रमाणानंतरचा प्रश्न अधिक बिकट आहे. मूळ म्हणावयाचे कशास? चिंच आपल्या गावोगावी रुजली असली तरी ती आफ्रिकेतील, आणि काजू पोर्तुगिजांबरोबर आला. घाणेरी, रानमोडी, गिरिपुष्प व जलपर्णी या अमेरिकेतून आल्या. वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ नावाप्रमाणेच परदेशी. ही वर्गवारी सोपी आहे. घोटाळा सागाशी होतो. साग येथलाच आहे, पण रांगेने लावलेला साग हा वनस्पतिसमूह नव्हे, ते पीक होय. ज्या उतारावर सागाबरोबर ऐन, किंजळ, नाना, हेदू, कळंब, कुंभा व धामण ही झाडे वेगवेगळ्या वयांची मिसळून उभी आहेत आणि खाली त्यांची रोपे दिसतात, तेथेच मूळच्या आर्द्र पानझडी वनाची खूण करावी. उलटपक्षी, भातखाचराच्या कडेला फांद्या छाटून छाटून खुंट झालेला एकटा ऐन दिसतो, त्याकडे दुर्लक्ष करू नये. राबासाठी त्याच्या डहाळ्या पिढ्यान्‌पिढ्या तोडल्या गेल्या आहेत. याच राबाच्या व रानावरील हक्कांच्या तक्रारींमुळे मुंबई सरकारला ठाणे-कुलाब्याच्या जंगलांसाठी आयोग नेमावा लागला व त्याचा अहवाल १८८७ साली आला. असा ऐन म्हणजे गेलेल्या वनाचा साक्षीदार होय. नकाशावर त्यास स्वतंत्र चिन्ह असावे.

उपग्रहचित्रांनी हे काम सोपे केले आहे, असा समज आहे. तो अर्धा खरा आहे. भारतीय वन सर्वेक्षण विभागाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर वृक्षछत्राची घनता दहा टक्के वा अधिक असली की ते वनाच्छादन ठरते. मालकी कोणाची व झाडे कोणती हे पाहिले जात नाही. देशाच्या हिशेबासाठी ही व्याख्या योग्यच आहे. मात्र तिच्यानुसार बदलापुराकडील आंब्या-जांभळांची बाग, ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड आणि मलंगगडाच्या उतारावरचे रान ही तिन्ही एका रंगाची होतात. हिरवेपणा मोजला जातो, मूळपणा नव्हे.

येथे ऋतूचा उपयोग करून घ्यावा. वनाच्छादनासाठी बहुधा ऑक्टोबर ते डिसेंबरमधील चित्रे घेतात. तेव्हा पानझडी व सदाहरित दोन्ही हिरवी असतात. एप्रिलमधील चित्र घेतल्यास साग व सावर निष्पर्ण झालेली, आणि अंजनी, पारजांभूळ, जांभूळ यांच्या घळी मिथ्यावर्णी चित्रात लाल रेघांसारख्या उठून दिसतात. दोन ऋतूंची चित्रे एकावर एक ठेवून पाहिली की अर्धे काम होते. उरलेले अर्धे पायांनी करावयाचे, कारण जांभळाची घळ आणि आंब्याची बाग यांतील भेद एप्रिलचे चित्रही खात्रीने सांगत नाही.

याहून मोठा दोष माळांच्या बाबतीत घडतो. बेसाल्टाचे सडे व गवताळ माळ उन्हाळ्यात काळे-करडे, मोकळे दिसतात. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच उथळ मातीवर तेरडा, कवला, सीतेची आसवे अशा वर्षायू वनस्पतींचे समूह उगवतात, फुलतात व बी टाकून नाहीसे होतात. नेमक्या त्या दिवसांत आकाश ढगांनी भरलेले असल्यामुळे प्रकाशचित्रे घेणाऱ्या उपग्रहास ते क्वचितच दिसतात. देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रथम २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात झुडपी जमीन व उघडा खडक यांचेही वर्ग आहेत. असा सडा एकदा पडीक म्हणून रंगविला गेला की त्यावर गिरिपुष्प लावणे पुण्यकर्म ठरते आणि इमारत बांधणे विकास. शहरे ज्या वेगाने डोंगरपायथ्याकडे सरकत आहेत तो पाहता, चुकीच्या रंगाची किंमत येथे लवकर चुकवावी लागते. आपल्याकडे क्षेत्रकार्य दिवाळीच्या व नाताळच्या सुटीत उरकण्याची जी प्रथा पडली आहे, तीही या दोषास थोडीबहुत कारण आहे, हे विभागातील आम्ही शिक्षकांनी मान्य केले पाहिजे.

तिवरांविषयी फार लिहावयास नको. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यातील तिवरांच्या तोडीस मनाई करून त्यांचे नकाशे करण्याचा आदेश दिला व २०१८ साली तो निर्णय कायम स्वरूपात आला. समुद्रकाठच्या या एका समूहाच्या सीमारेषेस कायद्याचे बळ मिळाले आहे. माळांना व ऐनांच्या खुंटांना ते नाही.

तेव्हा या खोऱ्यात पाहणी करावयाची झाल्यास पुढील क्रम आम्हांस इष्ट वाटतो. प्रथम एप्रिलमध्ये डोंगरघळी, मग ऑगस्टच्या मध्यापासून सहा आठवडे सडे व माळ, आणि भाताची कापणी झाल्यावर वरकस जमिनी व बांधावरची झाडे. खाडीकाठ ओहोटीच्या वेळापत्रकाप्रमाणे केव्हाही करता येईल. प्रत्येक समूहाचे निदान एक वाळविलेले नमुनापत्र अक्षांश-रेखांशासह संग्रही ठेवावे, म्हणजे शंभर वर्षांनी कोणास कुकच्या ‘कोकण’सारखे कोडे पडणार नाही. आणि जेथे पाहणी झालेली नाही, ती जागा नकाशावर कोरी सोडावी. तीस पडीक जमिनीचा रंग देऊ नये.