पित्ताच्या नळीत अडकतं काय, आणि काढायचं कधी?

आज आपण काविळीबद्दल बोलणार आहोत. म्हणाल, कावीळ तर आम्हाला ठाऊक आहे. डोळे पिवळे झाले की गळ्यात माळ घालायची, उसाचा रस प्यायचा, तेल-हळद बंद करायची आणि पंधरा दिवस वाट बघायची. पण काविळीचा एक प्रकार असा आहे, ज्यात वाट बघणंच जिवावर बेतू शकतं. तो कसा ओळखायचा, तेच आज समजून घेऊ.

आपलं यकृत, म्हणजे लिव्हर, रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते पित्तनळीतून आतड्यात उतरतं आणि तूपतेल पचवतं. ही नळी केवढी? आतून जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढी रुंद. शेतातल्या ठिबकच्या नळीत कचरा अडकला की पुढचं रोप सुकतं आणि मागे पाणी तुंबतं. तसंच इथे होतं. पित्त आतड्यात पोहोचत नाही, मागे तुंबून रक्तात उतरतं. ही झाली अडथळ्याची कावीळ.

दूषित पाण्यातून होणारी कावीळ वेगळी. तिच्यात यकृताला सूज येते आणि बहुतेक वेळा ती विश्रांतीने, काही आठवड्यांत आपोआप उतरते. म्हणूनच माळेला यश येतं. माळेतल्या मुळ्या-काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात, माळ लांब होते, आणि आपल्याला वाटतं कावीळ उतरली. हात चुन्याच्या पाण्याने धुतले की पाणी पिवळं होतं, तेही औषधाचं आणि चुन्याचं काम, काविळीचं नाही. नळीत अडकलेली वस्तू मात्र माळेने निघत नाही.

मग अडकतं तरी काय?

सगळ्यात जास्त वेळा पित्ताचा खडा. पित्ताशयात तयार झालेला खडा घसरून नळीत येतो. पुरुषांपेक्षा बायकांना हे खडे जास्त होतात आणि बाळंतपणांनी धोका वाढतो.

दुसरा पाहुणा म्हणजे जंत. वीतभर लांबीचा गोल जंत आतड्यातून वर सरकून पित्तनळीत शिरतो. काश्मीरमध्ये डॉ. खुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५०० रुग्णांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध केला होता. या जंताची अंडी मातीतून, न धुतलेल्या कोथिंबीर-गाजर-मुळ्यातून आणि उघड्यावरच्या शौचातून पोटात जातात.

तिसरी वस्तू जुन्या ऑपरेशनची. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन भारतात पहिल्यांदा केलं. आज ते सगळीकडे होतं. त्यात रक्तवाहिनी आणि नळीचं तोंड बंद करायला धातूच्या छोट्या क्लिपा लावतात. त्या बहुतेक जणींना जन्मभर त्रास देत नाहीत. पण क्वचित एखादी क्लिप किंवा टाक्याचा दोरा वर्षांनंतर सरकून नळीत येतो आणि त्याभोवती खडा जमतो. म्हणून 'माझं पित्ताशय काढलंय, आता मला पित्ताचा त्रास होणार नाही' असं समजू नका. डॉक्टरांना जुनं ऑपरेशन आवर्जून सांगा.

चौथी वस्तू म्हणजे डॉक्टरांनीच घातलेली प्लास्टिकची नळी, स्टेंट. तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगते, कारण आपल्या भागात तीच जास्त विसरली जाते.

आता लक्षणं मोजू. डोळे पिवळे. लघवी चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी गडद. शौच पांढरट, मातकट. अंगभर खाज, रात्री जास्त. उजव्या बाजूला बरगडीखाली दुखणं, ते पाठीत किंवा खांद्यात जाणं. यातली लक्षणं दिसली तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. पण पिवळेपणा, पोटात दुखणं आणि थंडी वाजून ताप हे तीन एकत्र आले, तर आठवडा नाही, तासही थांबू नका. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झालेला असतो आणि तो रक्तात पसरतो. बाई बरळायला लागली, हातपाय गार पडले तर १०८ ला फोन करा.

दवाखान्यात आधी रक्त तपासतात. कावीळ किती आहे, ती अडथळ्याची वाटते का, रक्त गोठतंय ना, हे त्यात कळतं. मग सोनोग्राफी. नळी फुगलेली आहे का ते तिच्यात दिसतं, पण नळीच्या खालच्या टोकाचा खडा कधी कधी सुटतो. तेव्हा एमआरसीपी नावाची तपासणी करतात. ती चुंबकाच्या मशीनमध्ये होते, सुई-चिरा काही नसतो. अंगात धातूचं काही बसवलेलं असेल तर आधी सांगायचं.

काढायची पद्धत ईआरसीपी. पोट फाडायचं नाही. सहा ते आठ तास उपाशी ठेवून, गुंगीचं औषध देऊन, तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेतात. नळीच्या तोंडाशी बारीक छेद देतात आणि तारेच्या जाळीने किंवा छोट्या फुग्याने खडा, क्लिप बाहेर ओढतात. जंत असेल तर आधी औषधं देऊन बघतात, बरेचदा तो स्वतःच निघून जातो, नाही गेला तर दुर्बिणीने काढतात. धोका अगदी नाही असं नाही. काही जणींना नंतर स्वादुपिंडाला सूज येते. घरी गेल्यावर पोटात जोरात दुखलं, उलट्या, ताप किंवा काळी शौच झाली तर लगेच परत जायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दिवस गेलेले असतील, तर आधीच सांगायचं.

आता स्टेंट. खडा मोठा असेल, सूज असेल, तर डॉक्टर पित्ताला वाट म्हणून नळीत स्टेंट ठेवतात. बॉलपेनच्या रिफिलएवढी जाड, बोटभर लांब. ती घातली की दोन-चार दिवसांत कावीळ उतरू लागते, खाज थांबते, भूक लागते. इथेच घात होतो. बरं वाटलं म्हणजे काम संपलं असं घरच्यांना वाटतं. पण प्लास्टिकची नळी साधारण तीन महिन्यांत काढायची किंवा बदलायची असते. तिच्यात गाळ आणि जंतू साठतात, ती तुंबते, आणि वर्षानुवर्षं राहिली तर तिच्याभोवतीच खडा बांधला जातो. मग जी नळी दहा मिनिटांत निघाली असती, तिच्यासाठी मोठं ऑपरेशन लागू शकतं. काही नळ्या धातूच्या असतात, त्यांचा हिशेब वेगळा असतो. म्हणून सुट्टी मिळताना तीन गोष्टी विचारा: नळी प्लास्टिकची की धातूची, काढायची कधी, आणि काढायला यायचं कुठे. हे कार्डावर लिहून घ्या.

आता आपल्या जिल्ह्याचं बघा. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर इथल्या किती बाया दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. भादव्यात नळी घातली, तर तीन महिने भरतात तेव्हा बाई फडावर असते. कार्ड गावाकडे पेटीत, तारीख कुणाच्या ध्यानात नाही, आणि खाडा केला तर मुकादम पैसे कापणार. ताप आला की फडाजवळच्या डॉक्टरकडून सुई घ्यायची आणि पुन्हा मोळी उचलायची. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना सांगा, 'मी अमुक महिन्यापर्यंत गावात नाही.' ते तारीख मागे-पुढे करू शकतात. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कागद सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यभर चालते, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मर्यादा आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधार दाखवून आपला उपचार यादीत आहे का ते त्याला विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा. ईआरसीपीची सोय तालुक्याला सहसा नसते, संभाजीनगरसारखं मोठं शहर गाठावं लागतं. त्यामुळे गाडीभाड्याचीही तजवीज हवी.

गट इथेच कामाला येतो. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. कर्जाच्या हप्त्याची तारीख आपण कधी विसरत नाही, मग नळीची तारीख का विसरावी? जिच्या पोटात नळी आहे तिला विचारून, तिची हरकत नसेल तर, रजिस्टरच्या मागच्या पानावर तारीख लिहा आणि बैठकीत आठवण करा. ती फडावर असेल तर सचिव ताईंनी फोन करावा. गाडीभाड्याला अंतर्गत कर्ज द्यायचं असेल तर ठराव आधीच करून ठेवा. आणि जंताच्या गोळ्या अंगणवाडीत, शाळेत येतात, त्या लेकरांना चुकवू नका.

या महिन्याच्या बैठकीत एवढं एकच विचारा: आपल्यापैकी कुणाच्या पोटात नळी आहे का, आणि ती काढायची तारीख कोणती? एखादी जरी हात वर करेल, तरी आजचं बोलणं सार्थकी लागलं.