चौकोन विचारतो, ओळ उत्तर देते

संगणकाला प्रश्न विचारायला लावणं हा प्रोग्रॅमिंगच्या वर्गातला अगदी सुरुवातीचा धडा. पडद्यावर ‘वय:’ असं उमटतं, समोरचा माणूस आकडा टाइप करून एंटर दाबतो आणि काम पुढे सरकतं. या विचारणाऱ्या मजकुराला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. बहुतेक भाषांमध्ये तो दोन ओळींत उरकतो आणि कुणी त्याचा दुसऱ्यांदा विचारही करत नाही. ‘एपीएल’ नावाच्या भाषेत मात्र या प्रश्नोत्तरांतूनच सगळ्या भाषेचा स्वभाव कळतो.

एपीएल ही ‘अ‍ॅरे’ भाषांची जननी. अ‍ॅरे म्हणजे आकड्यांची किंवा अक्षरांची रांग, तक्ता, किंवा तक्त्यांची चळत. इतर भाषा एकेक आकडा हाती घेऊन फेरे मारतात, ही भाषा अख्खी रांग एकदम उचलते. तिच्यातल्या क्रिया शब्दांनी नव्हे, चिन्हांनी लिहितात आणि ओळ उजवीकडून डावीकडे सोडवली जाते. कीबोर्डवरून उत्तर मागायचं चिन्ह म्हणजे एक रिकामा चौकोन, ‘क्वाड’:

+/⎕

हा तीन चिन्हांचा संपूर्ण प्रोग्रॅम आहे. तो चालवला की पडद्यावर चौकोन आणि त्यापुढे विसर्गासारखे दोन ठिपके येतात, आणि पुढच्या ओळीत सहा जागा सोडून कर्सर थांबतो. तिथे 120 85 240 असं टाइप करा, उत्तर येतं 445. तीन आकडे द्या की तीनशे, प्रोग्रॅम तोच. ‘किती आकडे देणार?’ हा प्रश्न नाही, मोजणी नाही, फेरे नाहीत. माणसाने दिलेली ओळ चौकोनाच्या जागी बसते आणि डावीकडचं चिन्ह तिची बेरीज करतं. (यंत्राला इथे इंग्रजी अंकच कळतात. मराठी अंकांकडे पुढे वळू.)

या भाषेचे जनक केनेथ आयव्हर्सन कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातले. हार्वर्डमध्ये शिकवताना त्यांनी फळ्यावर लिहिण्यासाठी एक गणिती चिन्हलिपी रचली. १९६२ साली तिच्यावर पुस्तक निघालं, तेव्हा ती चालवणारं यंत्र नव्हतं. १९६६ मध्ये आयबीएमच्या संशोधन केंद्रात अ‍ॅडिन फाल्कॉफ, लॅरी ब्रीड आणि इतर सहकाऱ्यांनी ‘सिस्टिम ३६०’ संगणकावर एपीएल उभी केली. १९७९ साली आयव्हर्सन यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्या काळी समोर पडदा नव्हता, कागद होता. ‘२७४१’ नावाचं टर्मिनल म्हणजे संगणकाला जोडलेला विजेवरचा टाइपरायटरच. त्याची अक्षरं एका छोट्या गोळ्यावर कोरलेली असत, आणि तो गोळा गरगर फिरत कागदावर आपटे. माणूस आणि संगणक एकाच कागदावर आळीपाळीने लिहीत. संगणकाचं लिहून होईपर्यंत कीबोर्ड कुलूपबंद असे. मग गोळा सहा जागा आत सरके आणि कळा मोकळ्या होत. ही सरकलेली जागा म्हणजेच प्रॉम्प्ट: ‘आता तुम्ही बोला’. त्यामुळे काम संपल्यावर कागद हातात घेतला तरी कुणी काय लिहिलं ते लगेच कळे. समासापासून सुरू झालेली ओळ यंत्राची, आत सरकलेली माणसाची.

गोळ्यावर जेमतेम ८८ खुणा मावत. चिन्हं त्याहून जास्त हवी होती, म्हणून एक खूण मारायची, कळ दाबून मागे यायचं आणि तिच्यावरच दुसरी खूण मारायची, अशी युक्ती निघाली. वर्तुळावर उभी रेघ मारली की रांग उलटी करणारं ⌽ तयार. आधी रेघ आणि मग वर्तुळ मारलं तरी चाले, कारण कुठली कळ कधी दाबली हे संगणक बघतच नसे. एंटर दाबल्यावर कागदावर जे दिसतं, तीच ओळ. दिसतं ते खरं, हा नियम एपीएलच्या कर्त्यांनी जाणीवपूर्वक पाळला.

आता चौकोनाची दुसरी बाजू. ⎕ उत्तर नुसतं घेत नाही, ते सोडवतो. तुम्ही 12×30 लिहिलं तर त्याला 360 मिळतात. हे सोयीचं, पण बेसावध माणसाला गाठणारंही. समजा, तापमानं विचारली आणि कुणी -5 3 8 असं लिहिलं. त्याच्या मनात उणे पाच, तीन आणि आठ आहेत, बेरीज 6 यायला हवी. येते उणे 16. कारण एपीएलमध्ये साधी वजाबाकीची खूण ही क्रिया आहे, आणि क्रिया अख्ख्या रांगेला लागू होते, त्यामुळे तिन्ही आकडे उणे झाले. फक्त पाचाला उणे करायचं तर त्याच्या डोक्याशी चिकटलेली वेगळी रेघ लागते: ¯5 3 8. शिवाय चौकोनात येईल ते चालवलं जात असल्याने अनोळखी माणसापुढे तो ठेवणं म्हणजे त्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देणं.

म्हणून दुसरी खिडकी आहे: ⍞. हा चौकोन आणि अवतरणचिन्ह एकमेकांवर मारून झालेला. याला अर्थाशी घेणंदेणं नाही, जे टाइप केलं ती अक्षरांची रांग तो जशीच्या तशी उचलतो. स्वतःचा प्रॉम्प्टही तो देत नाही. एक गंमत मात्र अशी की याला सगळीच अक्षरं सारखी, तर चुकून अडकलेल्या माणसाने बाहेर कसं पडायचं? ⎕ मधून → टाइप करून सुटता येतं, पण ⍞ ला बाण म्हणजे आणखी एक अक्षर. जुन्या टर्मिनलवर उपाय होता: ‘आउट’ या इंग्रजी शब्दाची तिन्ही अक्षरं एकाच जागी एकमेकांवर मारायची. तो काळा ठिपका कुणाच्याही नावात वा पत्त्यात येण्याची शक्यता नव्हती.

याच खिडकीतून स्वतःचा प्रश्न छापता येतो. ⍞←'वय: ' असं लिहिलं की मजकूर उमटतो आणि कर्सर त्याच ओळीत थांबतो. माणूस 37 टाइप करतो, प्रोग्रॅम ⍞ वाचतो, आणि नवशिका चक्रावतो. आजच्या ‘डायलॉग एपीएल’मध्ये हाती येतं ‘वय: 37’. प्रश्नासकट उत्तर! आयबीएमच्या ‘एपीएल२’मध्ये प्रश्नाच्या जागी तेवढ्याच कोऱ्या जागा येतात. दोन्हींचं मूळ कागदात आहे. ओळ प्रश्न आणि उत्तर यांची मिळून बनलेली आहे आणि वाचायची तर अख्खी ओळ. उपायही रांगेच्याच भाषेत: 4↓⍞, म्हणजे पहिली चार अक्षरं सोडून उरलेली घ्या. व, य, दोन ठिपके आणि मोकळी जागा, झाली चार. प्रॉम्प्ट ‘नाव: ’ असेल तर मात्र पाच सोडायची, कारण युनिकोडमध्ये ‘ना’चा काना वेगळा मोजला जातो. बोटांवर मोजण्यापेक्षा ती मोजणी ≢ या चिन्हावर सोपवलेली बरी.

आता मराठी अंक. ⎕ पुढे ३७ लिहिलं तर यंत्राला तो आकडा वाटत नाही. पण ⍞ अक्षरं मुकाट घेतो, आणि अक्षरांचे आकडे करायला एक ओळ पुरते. मोजणी शून्यापासून सुरू करायची असं एकदा सांगून ठेवलं, की लिहायचं:

10⊥'०१२३४५६७८९'⍳4↓⍞

उजवीकडून वाचा. ओळ घ्या, चार अक्षरं सोडा, उरलं ‘३७’. ⍳ प्रत्येक अक्षर दहा अंकांच्या रांगेत कुठे आहे ते शोधतं: तिसऱ्या जागी आणि सातव्या, म्हणजे 3 7. ⊥ या दोघांना दशमान पद्धतीने जोडतं: 37. मराठी अंकांसाठी वेगळी सोय केलेली नाही. अवतरणातली रांग बदला, हीच ओळ गुजराती किंवा बंगाली अंक वाचेल.

पण उत्तर देणाऱ्याने ३७ नंतर चुकून स्पेसबार दाबला तर? रांगेत न सापडलेल्या अक्षराला ⍳ शेवटच्या जागेच्या पुढचा क्रमांक देतं, इथे 10. मग 3 7 10 जोडले जातात आणि वय निघतं 380. संगणक कुरकुरतही नाही. म्हणून जोडण्याआधी तपासणी हवी, आणि तीही अख्ख्या ओळीची. उत्तर ‘३७क’ आलं, तर

'३७क'∊'०१२३४५६७८९'

याचं उत्तर येतं 1 1 0. पहिली दोन अक्षरं अंक आहेत, तिसरं नाही. नुसतं ‘चुकीचं उत्तर, पुन्हा टाका’ असं खेकसणारे फॉर्म आपण रोज भरतो, आणि चूक कुठे झाली ते स्वतःच शोधत बसतो. इथे तपासणीतूनच ती जागा हाती येते. ‘तिसरं अक्षर अंक नाही’ असं नेमकं सांगायला प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वेगळे कष्ट पडत नाहीत. अख्खी ओळ वाचण्याचा हा फायदा प्रश्न विचारणाऱ्याइतकाच उत्तर देणाऱ्यालाही होतो.