बर्फ नाही, तरी कूलंट हवंच
भिवंडीत कुठे बर्फ पडतो, जुन्या गाडीला साधं पाणी चालतंय की, हा युक्तिवाद नेहमीचा. पण इथे मुद्दा गोठण्याचा नाहीच. अंजूरफाट्याच्या कोंडीत गाडी मुंगीच्या पावलाने सरकताना रेडिएटरला वारा मिळत नाही. नुसतं पाणी १०० अंशांना उकळतं. त्यात निम्मं इथिलीन ग्लायकॉल असेल तर साधारण १०७ला, आणि झाकणाचा दाब ही मर्यादा आणखी वर नेतो. खरी कमाई मात्र कूलंटमधल्या गंजरोधकांची. बोअरच्या पाण्यातले क्षार आत पांढरा थर धरतात; झाकणाखाली तांबूस गाळ दिसला, तर गंज लागलाच म्हणायचा. ‘हिरवं होतं, हिरवंच टाका’ हेही फसवं, कारण रंग ठरतो कंपनीच्या मर्जीने. पुस्तिकेतला प्रकार पाहावा, तो डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावा. पातळी भरलेली आहे, मग बदलायचं कशाला? कारण द्रव तेवढाच दिसला तरी गंजरोधक संपत जातात. झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडावं, आणि काढलेलं कूलंट उघड्यावर ओतू नये: ते गोड लागतं, विषारी असतं, कुत्री चाटतात.