वळीव बदलला काय?

चैत्र सरून वैशाखाचे ऊन तापू लागले, की आमच्या बेळगाव परिसरातील माणसांचे डोळे दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास आपोआप आकाशाकडे वळतात. सकाळपासून अंगाची काहिली होत असते. मग क्षितिजावर कापसाच्या ढिगासारखे ढग वर वर चढू लागतात, वारा एकाएकी पडतो आणि त्यापाठोपाठ धुळीचा लोट उठतो. घरांवरचे पत्रे वाजतात, अंगणातील पापड-सांडग्यांचे वाळवण उचलण्यासाठी बायकांची धावपळ उडते, पोरे आंब्याखाली पळतात. तासाभरात सगळा गोंधळ आटोपतो आणि मागे ओल्या मातीचा वास राहतो. हा आमचा वळीव. त्याने जमीन भिजली म्हणजे नांगरट व कुळवणी होते, आणि पुढे रोहिण्यांत भाताची धूळवाफ पेरणी साधते. शहरातील मंडळींस तो उकाड्यावरचा उतारा वाटतो. कुणब्याच्या दृष्टीने तो वर्षाचा पहिला हप्ता होय.

या वळवाविषयी अलीकडे आमच्या गावच्या कट्ट्यावर एक वाद नित्य रंगतो. जुनी मंडळी म्हणतात, "पूर्वीचा वळीव आता राहिला नाही. तो नेमाने येई. आता येतो तो चोरासारखा, आणि जातो तो दरोडेखोरासारखा." आमचे एक तरुण सहशिक्षक वर्तमानपत्राची कात्रणे बाळगून असतात. त्यांचे म्हणणे असे, की हा सारा हवामानबदलाचा प्रताप आहे. पृथ्वी तापली, म्हणून विजा वाढल्या. दोन्ही पक्ष आमच्याकडे निवाड्यासाठी पाहतात, कारण मुख्याध्यापकास सर्व काही ठाऊक असते अशी गावाची एक गोड समजूत आहे.

आमचा विषय मराठी. तथापि कर्तव्य समजून आम्ही थोडे वाचन केले, त्यातून हाती आले ते असे.

उन्हाळ्याच्या अखेरीस अरबी समुद्रावरील दमट हवा गोव्याच्या बाजूने सह्याद्री चढून येते व पठारावरील तापलेल्या कोरड्या हवेस भिडते. तापलेल्या जमिनीवरून ही दमट हवा वेगाने वर उसळते आणि दहा-बारा किलोमीटर, कधी त्याहूनही उंच असा ढगांचा मनोरा उभा राहतो. त्याच्या वरच्या भागात बर्फाचे हलके स्फटिक आणि गारांचे बीजरूप असे जड कण एकमेकांवर आदळत असतात. या घर्षणात हलके स्फटिक बहुधा धन भार घेऊन वर जातात, जड कण ऋण भार घेऊन खाली राहतात. हा विरोध हवेला सोसेनासा झाला म्हणजे वीज कडाडते. तिच्या वाटेवरील हवा क्षणार्धात सुमारे 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाहून हे तापमान पाचपट होय. तापलेली हवा स्फोटासारखी फाकते, तोच गडगडाट. मराठीत आपण वीज म्हणून मोकळे होतो. आमच्या शेजारच्या कन्नडात लकाकते ती मिंचु, गडगडते ते गुडुगु आणि अंगावर कोसळते तो सिडिलु, असे तीन स्वतंत्र शब्द आहेत. व्यवहारात ही वाटणी फार उपयोगाची आहे, हे पुढे ध्यानी येईल.

आता मुख्य प्रश्न. भारताचे सरासरी तापमान 1901 ते 2018 या काळात सुमारे 0.7 अंशाने वाढले, याविषयी शास्त्रज्ञांत वाद नाही. हवा एक अंशाने तापली म्हणजे तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हेही पक्के आहे. बाष्प हेच वादळाचे सरपण, तेव्हा सरपण वाढले म्हणजे जाळ वाढणार, असा आमच्या सहशिक्षकांचा तर्क. त्यास आधारही आहे. 2014 साली अमेरिकेतील संशोधकांनी असा हिशेब मांडला, की त्यांच्या देशात तापमानाच्या दर अंशामागे विजा सुमारे 12 टक्क्यांनी वाढाव्यात. परंतु 2018 साली दुसऱ्या एका गटाने ढगांतील बर्फाच्या हालचालीवरून हिशेब केला, आणि शतकाच्या अखेरीस जगातील विजा सुमारे 15 टक्क्यांनी घटतील असे उत्तर काढले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की वीज बाष्पाने नव्हे, बर्फकणांच्या आदळआपटीने निर्माण होते. आणि तापलेल्या जगात ढगांतील ते बर्फच कमी होईल. एकाच प्रश्नाची अशी दोन उत्तरे आमच्या उत्तरपत्रिकांत आली असती तर आम्ही एकाचे गुण कापले असते. येथे मात्र दोन्ही विद्यार्थी हुशार आहेत. 2021 साली आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाने आपल्या अहवालात स्पष्ट नमूद केले, की गारपीट व वादळी वारे यांत आजवर काय फरक पडला, हे खात्रीने सांगण्याइतक्या दीर्घ व निर्दोष नोंदीच उपलब्ध नाहीत.

यावरून हवामानबदल ही थाप आहे असा अर्थ मात्र कोणी काढू नये. अतिवृष्टीच्या बाबतीत पुरावा पुष्कळच भक्कम आहे. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे 2017 साली पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा यांनी आमच्या जिल्ह्याची जी दैना केली, ती येथील कोणी विसरलेला नाही. पण तो पावसाळ्याचा पूर. वळवाचे प्रकरण निराळे आहे, आणि दोन्हींस एकाच दोरीत बांधणे हे वादात सोयीचे असले तरी शास्त्रास धरून नाही.

नोंदींचा हा प्रश्न आम्हांस अगदी घरच्या घरी अनुभवास आला. आमच्या शाळेत कित्येक वर्षांची जुनी रोजनिशी आहे. तीत वादळ, गारा, उडालेली कौले यांचा उल्लेख असणार; मग वादाचा निकाल आपल्याच कपाटात सापडेल, अशा उमेदीने आम्ही एका रविवारी ती बाडे उघडली. जून ते मार्च सारे यथासांग होते. एप्रिल-मे मात्र कोरे! आमच्या राज्यातील शाळांना उन्हाळ्याची सुटी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंत असते, आणि नेमका तोच वळवाचा मोसम. त्या रोजनिशीवर विसंबून कोणी प्रबंध लिहिला असता, तर बेळगावास वळीव पडतच नाही असा सिद्धांत निघाला असता. वेधशाळांची जुनी पद्धतही काहीशी अशीच. 'मेघगर्जनेचा दिवस' म्हणजे ज्या दिवशी निरीक्षकाच्या कानी गडगडाट पडला तो दिवस. एकदा गडगडले काय आणि शंभरदा गडगडले काय, दिवस एकच. आता यंत्रांचे जाळे विजा मोजते. एका वार्षिक अहवालात 2019-20 मधील सुमारे 1 कोटी 38 लाख विजा 2020-21 मध्ये सुमारे 1 कोटी 85 लाखांवर गेल्याचे दिले होते. सहशिक्षकांनी तो आकडा कट्ट्यावर विजयी मुद्रेने वाचला. दोन वर्षांच्या अंतराने हवामानाचा कल ठरत नाही, असे आम्ही म्हणालो; आणि त्यांनाही ते पटले असावे, कारण ते गप्प बसले.

हे सारे आम्ही मोठ्या गांभीर्याने बोलत होतो. त्यानंतर 2022 च्या मे महिन्यात आमच्या एका विद्यार्थिनीची आई गेली. शेळ्या घेऊन माळावर गेली होती. वळीव आला, ती बाभळीखाली उभी राहिली आणि तेथेच वीज पडली. त्या संध्याकाळी कट्ट्यावर पुन्हा तेच दोन पक्ष. जुने म्हणाले, "दैव." कोणी हळूच विचारले, ती पायाळू तर नव्हती ना? नवे म्हणाले, "हवामानबदल." ती झाडाखाली का उभी राहिली, आणि उभे राहू नये हे तिला कोणी कधी सांगितले होते काय, हे मात्र कोणीच विचारले नाही. आम्हीही नाही. घरी आल्यावर ध्यानात आले, की ती आमच्याच शाळेत शिकलेली होती. विजेचा पाठ आम्हीच शिकविला होता. बेंजामिन फ्रँकलिनचा पतंग, 1752 साल, सारे तिने घोकून म्हटले असेल. झाडाखाली उभे राहू नये, हे आम्ही शिकविल्याचे आम्हांस आठवत नाही.

2022 या एकाच वर्षी भारतात वीज पडून 2,887 माणसे मेली, अशी सरकारी नोंद आहे. अशा बळींत शेतात राबणारे, गुरे राखणारे, आडोशाला गेलेलेच पुष्कळ असतात. विजा वाढोत वा घटोत, ही माणसे उघड्यावर आहेत तोवर हा आकडा फारसा हलावयाचा नाही. लहानपणी आम्ही गडगडाट होताच अर्जुनाची दहा नावे म्हणत असू, आणि आजी अंगणात कोयता भिरकावी. त्याने वीज टळत नव्हती. पण सारी पोरे घरात एकत्र बसत, एवढा गुण त्यात निश्चित होता.

त्या जूनपासून आम्ही वर्गात वेगळे शिकवितो. लकाकले की मोजावयास लागावे. ध्वनी सुमारे तीन सेकंदांत एक किलोमीटर चालतो, तेव्हा मिंचु आणि गुडुगु यांत तीस सेकंदांहून कमी अंतर आले, की सिडिलु आपल्यापर्यंत पोहोचू शकतो असे समजून पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकट्या झाडापासून दूर राहावे, तळ्यातून निघावे, तारेच्या कुंपणास टेकू नये. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही; त्याला बेलाशक हात लावावा, श्वास थांबला असेल तर छाती दाबून तो चालू करण्याचा यत्न करावा व दवाखान्यात न्यावे. शेणात पुरण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे, तो प्राण घेणारा आहे. मोबाइलवर इशारे मिळतात. पुण्याच्या संस्थेचे 'दामिनी' आहे, कर्नाटकाचे 'सिडिलु' आहे. परंतु माळावरच्या शेळ्यांमागे मोबाइल असतोच असे नाही, आणि असला तरी तेथे संदेश पोहोचेलच असे नाही. बोटे मात्र सर्वांजवळ असतात. मुलांनी घरी जाऊन आजोबांस मोजणी शिकविली, असे पालकांकडून कळते. ज्यांनी चोर-दरोडेखोराची उपमा दिली होती, ते गृहस्थ गेल्या वैशाखात शेतातून लवकर परतताना आम्हांस दिसले. कारण विचारता म्हणाले, "नातवाने वीस मोजले."

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा. तो पटांगणातील चिंचेच्या फांदीस टांगलेला होता. ढग दाटून आले की मुलांस वर्गात बोलावण्यासाठी शिपाई त्याच चिंचेखाली उभा राहून लोखंडाने लोखंड बडवीत असे, आणि आम्ही व्हरांड्यातून त्यास "जोरात वाजव" असे ओरडून सांगत असू. तो तुकडा आता व्हरांड्यात आणला आहे. फांदीवरचा तारेचा वळ अजून बुजलेला नाही.