पुन्हा बोहल्यावर नाही!

पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्येही दोन पक्ष असतात असे मी म्हटले, तर वाचक हसतील! पण 'ए' आणि 'आल्फा' पेशींचे खरोखरच मीलन होते. त्यानंतर ती जोडपेशी पुन्हा बोहल्यावर चढत नाही. तिला अडवते कोण?

आल्फा पेशीत 'आल्फा-२' हे प्रथिन असते. 'एमसीएम-१'च्या जोडीने ते डीएनएला धरते आणि 'ए' पक्षाची जनुके बंद ठेवते. मीलनानंतर त्याला 'ए-१' हा नवा जोडीदार मिळतो. आता ते डीएनएवरच्या वेगळ्या जागाही धरते, आणि मीलनाला लागणारी जनुकेच गप्प होतात.

एकट्या 'ए-१'ला मात्र डीएनए नीट धरवत नाही. १९९५ साली या जोडीची रचना उलगडली: आल्फा-२चे शेपूट 'ए-१'ला बिलगलेले, डीएनए सुमारे ६० अंशांनी वाकलेला. मला मौज वाटते ती हीच, की जागा ठरवते जोडी!