शिकायला वेळ कुठून आणायचा?

परभणीहून जिंतूर-पाथरीकडे रोज एस.टी.ने अप-डाउन करणाऱ्या शिक्षकाला ‘आयुष्यभर शिकत राहा’ असे सांगणे सोपे आहे. वेळ कुठे असतो? पण 2018 मध्ये परभणीच्याच कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या ‘परभणी शक्ती’ ज्वारीत लोह आणि जस्त जास्त कसे, असे वर्गात कुणी विचारले तर 1995 ची पदवी पुरत नाही.

बहुतेक जण उन्हाळी सुट्टीची वाट पाहतात. स्मरणाचे प्रयोग मात्र वेगळेच सांगतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केलेले प्रयोग 1885 मध्ये प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरांची मालिका एकाच दिवशी 68 वेळा घोकून जो फायदा झाला, तोच तीन दिवसांत मिळून 38 वेळा घोकल्याने झाला!

मोठ्या माणसांचे काय? ब्रिटनमधील टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना बॅडली आणि लाँगमन यांना 1978 मध्ये असेच आढळले. रोज एकच तास शिकणाऱ्यांना कळफलक सुमारे 35 तासांत आला. रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका करणाऱ्यांना सुमारे 50 तास लागले. गंमत म्हणजे नाराज होता तो पहिलाच गट, कारण त्यांचे दिवस जास्त गेले.

अवघड संकल्पना प्रथम समजून घ्यायला सलग तास लागतो, हे खरेच. तो रविवारी काढावा. पुढे रोज एस.टी.त पुस्तक न उघडता वाचलेले आठवून पाहावे, अडेल तेवढेच घरी उघडून वाचावे.