कफाची रोजकीर्द

माझ्या आत्याबाईंनी जन्मात कधी विडी ओढली नाही. परंतु साताऱ्याकडच्या घरात, धुराडे नसलेल्या स्वयंपाकघरात, शेणी आणि ओल्या काटक्या पेटवीत त्यांनी जी चाळीस वर्षे काढली, त्यांचा धूर छातीत मुक्कामाला राहिला, आणि ज्या बाईने आयुष्यभर फुंकणीने चूल फुलवली तिला सत्तराव्या वर्षी स्पायरोमीटरच्या नळीत पुरते फुंकता येईना, तेव्हा डॉक्टरांनी सीओपीडीचे, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या जुनाट फुप्फुसविकाराचे, निदान केले.

'कफ किती पडतो, कसा पडतो?' या प्रश्नाला आत्याबाईंचे उत्तर ठरलेले असे: 'असतो थोडा, नेहमीचाच.' चारचौघांत खाकरणेसुद्धा अमर्याद मानणाऱ्या पिढीतल्या स्त्रीने बेडक्याचा तपशील परपुरुषापुढे मांडावा तरी कसा? ती लाज मला समजते. पण तिच्यापायी दोन हिवाळे दुखणे हाताबाहेर गेल्यावरच रुग्णालयाची पायरी चढावी लागली, म्हणून अखेरीस डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी वही घातली.

रीत साधी आहे. सकाळी उठल्यावर प्रथम चूळ भरायची, कारण मशेरीने किंवा चहाने रंग बिघडतो. मग पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीत कफ घ्यायचा आणि खिडकीच्या उजेडात पाहायचा, कारण पिवळ्या दिव्याखाली पांढराही पिवळाच दिसतो. वहीत रकाने चार: किती चमचे, कोणता रंग, पातळ की चिकट, आणि धाप नेहमीपेक्षा अधिक काय? वाटी उकळत्या पाण्याने धुवायची, हात साबणाने. पहिल्या आठवड्यात आत्याबाई तोंड फिरवून वाटी पुढे करीत. महिन्याभराने त्याच सांगू लागल्या, 'लिही, आज दीड चमचा, पांढरा, तार सुटते आहे.'

या रकान्यांमागे शास्त्र आहे. कॅनडातील अँथनिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली दुखणे उसळल्याची तीन लक्षणे मुक्रर केली: धाप वाढणे, कफाचे प्रमाण वाढणे आणि कफ पुवासारखा होणे. हिरवटपणा येतो तो जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींतील एका हिरव्या विकरामुळे; म्हणून रंग गडद होत जाणे ही जंतुसंसर्गाची शक्यता वाढल्याची वर्दी समजावी. मात्र कित्येकांचा कफ बरे असतानाही पिवळसरच असतो. तेव्हा तुलना करायची ती शेजाऱ्याशी नव्हे, स्वतःच्याच कालच्या पानाशी.

गेल्या मार्गशीर्षातले पान माझ्यासमोर आहे. सोमवारी दीड चमचा, पांढरा. बुधवारी तीन, पिवळा, चिकट. गुरुवारी चार, शेवाळ्यासारखा, आणि समोर 'न्हाणीघरापर्यंत जाताना दोनदा टेकल्या' अशी नोंद. त्याच दुपारी वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पान वाचले, छाती तपासली, गोळ्या लिहून दिल्या. आणि पुढच्या गुरुवारच्या रकान्यात पुन्हा 'दीड, पांढरा' आले. त्या हिवाळ्यात खाट धरावी लागली नाही.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी ही वही अवश्य ठेवावी, आणि विचारताना स्वरात किळस येऊ देऊ नये. कफात रक्ताचा धागा दिसला, किंवा ओठ निळसर पडू लागले, तर मात्र रकाने भरीत बसू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.